बाथटब नंतर, जमीन आधी: मोठ्या मांजरांसाठी आफ्रिकेतला लॉज कसा निवडावा

ठाण्यातल्या एका मित्रानं परवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. तांब्याचा बाथटब, समोर काचेची भिंत, काचेपलीकडे गवत आणि लांबवर एक जिराफ. खाली प्रश्न: "हा घेऊ का? माणशी रात्रीचे नऊशे डॉलर म्हणतायत." मी विचारलं, लॉज कुठल्या हद्दीत येतो? माहीत नव्हतं. एका गाडीत किती जण बसवतात? तेही नाही. रात्रीची फेरी असते का? "विचारतो," म्हणाला. बाथटब किती फुटी आहे हे मात्र त्याला पाठ होतं.

त्याला हसायचा अधिकार मला नाही. पहिल्यांदा केनियातल्या मसाई माराला गेलो तेव्हा मीही फोटो बघूनच बुकिंग केलं होतं. लॉज देखणा, जेवण उत्तम, पण राखीव क्षेत्राच्या वेशीबाहेर. पहाटे उठून गेटवर जायचं, तिकिटाच्या रांगेत थांबायचं आणि आत शिरून बिबट्याची खबर मिळेपर्यंत त्याच्याभोवती अठरा गाड्या जमलेल्या. अठरा हा आकडा पक्का आहे, कारण गाड्या मोजण्यापलीकडे तिथे करण्यासारखं काही नव्हतं. बिबट्याची शेपटी दिसली, एका मिनीबसचं छत आणि दुसरीची खिडकी यांच्या फटीतून.

त्यानंतर पुन्हा गेलो तेव्हा निवडीचा क्रम उलटा केला. आधी प्राणी, मग जमीन, मग महिना, मग गाडी आणि गाईड. खोली सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमानं लिहितो आहे.

कोणती मांजर बघायची आहे?

"सगळ्याच" हे उत्तर स्वाभाविक आहे, पण त्यानं लॉज ठरत नाही. सिंह, बिबट्या आणि चित्ता या तिघांना लागणारं रान वेगळं, त्यांच्या वेळाही वेगळ्या.

सिंह त्यातला सोपा. दिवसाचे अठरा-वीस तास लोळून काढतो, मोकळ्या माळावर कळपानं राहतो आणि गाडीला भीक घालत नाही. मारा, टांझानियातलं सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोचं विवर, बोत्स्वानाचं ओकावांगो, झांबियाचं साउथ लुआंग्वा, यांपैकी कुठेही तीन-चार रात्री राहिलात तर सिंह दिसण्याची काळजी करू नका. फक्त झोपलेला सिंह पंधरा मिनिटांत कंटाळवाणा होतो. उठलेला, डरकाळी फोडणारा, शिकारीला निघालेला सिंह बघायचा असेल तर अंधार पडताना आणि पडल्यावर रानात असायला हवं. त्याची परवानगी कुठे आहे, हा पुढच्या भागातला मुद्दा. दिवसाढवळ्या शिकार करणारे सिंहही आहेत. ओकावांगोतल्या डुबा प्लेन्सचे कळप भर दिवसा रानम्हशींच्या मागे लागण्यासाठी प्रसिद्ध झाले.

बिबट्याचं गणित वेगळं. जुन्नरच्या उसात तो शेजारी राहूनही दिसत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तो हमखास दिसावा असं वाटत असेल तर मी एकच नाव घेईन: दक्षिण आफ्रिकेतलं साबी सॅण्ड. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेलं हे सुमारे ६५ हजार हेक्टरचं खासगी रान. क्रुगर आणि साबी सॅण्डमधलं कुंपण १९९३ साली काढलं, त्यामुळे प्राणी दोन्हीकडे मोकळे फिरतात. नदीकाठची दाट झाडी, भरपूर इंपाला हरणं आणि अनेक दशकं गाड्यांना सरावलेले बिबटे, असा योग तिथे जुळून आला आहे. तिथल्या लोंडोलोझी लॉजवर १९७९ पासून बिबट्यांच्या पिढ्यांची नोंद ठेवली जाते आहे. कुठली मादी कुणाची मुलगी आणि तिची हद्द कुठल्या ओढ्यापर्यंत, हे रेंजर, म्हणजे तिथले गाईड, घरच्या माणसांसारखं सांगतात. मलामला, सिंगिटा, लायन सॅण्ड्स, साबी साबी ही त्याच पट्ट्यातली आणखी नावं. दुसरा पर्याय साउथ लुआंग्वाचा. तिथे अंधार पडल्यावर स्पॉटलाइट घेऊन उद्यानात फिरता येतं आणि बिबटे भरपूर आहेत.

चित्ता मात्र साबी सॅण्डमध्ये क्वचितच दिसतो. सिंह आणि बिबटे दाटीनं असतील तिथे तो टिकत नाही. शिकार हिसकावली जाते, पिल्लं मारली जातात. त्याला लांबवर नजर जाईल असा माळ हवा आणि तो मुख्यतः दिवसा शिकार करतो. म्हणून चित्त्यासाठी पूर्व आफ्रिका: मारा, सेरेंगेटीचे दक्षिण-पूर्वेकडचे माळ, जानेवारी ते मार्चमध्ये सेरेंगेटीच्या दक्षिणेकडचं न्दुतू. पूर्व सेरेंगेटीतला नामिरीचा भाग चित्त्यांच्या अभ्यासासाठी वीसेक वर्षं पर्यटकांना बंद होता, आता तिथे कॅम्प आहे. दक्षिण आफ्रिकेत फिंडा हे खासगी रान चांगलं. तिथे १९९० च्या दशकात चित्ते आणून सोडले आणि ते रुजले. २०२३ च्या फेब्रुवारीत कूनोत आलेल्या बारा दक्षिण आफ्रिकी चित्त्यांमध्ये फिंडाचेही काही होते.

तेव्हा घरात बसून आधी एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर ठरवा. आमच्याकडे बायकोचा एक नंबर चित्ता आणि माझा बिबट्या. एकाच सहलीत दोन्ही जमेना, म्हणून दोन सहली झाल्या. तक्रार नाही.

लॉज कुणाच्या जमिनीवर आहे?

सगळ्या निवडीत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि जाहिरातीत तो सहसा सापडत नाही. "मसाई मारातला लॉज" म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्राच्या आतला लॉज. १,५१० चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र नारोक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारच्या, ताब्यात आहे. पश्चिमेकडचा मारा ट्रँगल हा भाग २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था सांभाळते, आणि तिथली शिस्त मला उजवी वाटली. आतल्या लॉजमधून पहाटे गेटची भानगड नाही, विल्डबीस्टची (गाईसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांची) नदी ओलांडतानाची झुंबड इथेच बघायला मिळते. पण रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, रात्रीची फेरी नाही, आणि कुणाचीही कितीही गाड्यांची टोळी आत येऊ शकते.

दुसरी, राखीव क्षेत्राला लागून असलेली कॉन्झर्व्हन्सी: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ, ओल किन्येई. ही जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. शेकडो कुटुंबांनी आपापले तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्यानं दिले आहेत आणि भाडं दर महिन्याला घरी येतं. गुरं चारायलाही नियम ठरवून परवानगी आहे. २०१० साली सुरू झालेल्या एकट्या नाबोइशोत पाचशेहून जास्त जमीनधारक आहेत. बदल्यात अटी कडक: ठरावीक जमिनीमागे ठरावीकच तंबू, आत फक्त तिथे राहणारे पाहुणे, एका प्राण्याजवळ साधारण पाच गाड्या. मांजरासाठी गाडी रस्ता सोडू शकते, रात्री फिरता येतं, गाईडबरोबर पायी जाता येतं. सिंहाला हद्द कळत नाही, तो दोन्हीकडे असतो. पण कॉन्झर्व्हन्सीतला माणूस राखीव क्षेत्रात जादा शुल्क भरून दिवसभरासाठी जाऊ शकतो, उलटं चालत नाही.

तिसरी, दोन्हींच्या बाहेर, गेटजवळच्या गावाला टेकून उभा राहिलेला लॉज. माझ्या पहिल्या सहलीतला. स्वस्त पडतो असंही नाही. काहींचे दर आतल्यांच्या तोडीस तोड असतात.

हाच भेद नाव बदलून सगळीकडे सापडतो. क्रुगरच्या सरकारी उद्यानात रस्त्यावरच राहायचं, शेजारच्या साबी सॅण्डमध्ये गाडी बिबट्याच्या मागे झुडपात शिरते. बोत्स्वानात मोरेमी हे सरकारी अभयारण्य, तिथे रात्रीची फेरी नाही. बाजूच्या खासगी कन्सेशनमध्ये, म्हणजे कंपन्यांना भाडेपट्ट्यानं दिलेल्या रानात, ती आहे. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात महागडा लॉज घेतलात तरी अंधारात सहसा फिरता येत नाही. उद्यानाच्या मधल्या सेरोनेरा भागातल्या सॉसेजच्या झाडांवरचा बिबट्या दोनशे मीटरवरून, रस्त्यावर उभं राहून बघावा लागतो. सेरेंगेटीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. सुमारे पावणेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा तो माळ बघितल्याशिवाय आफ्रिका बघितली असं वाटणार नाही. फक्त काय मिळेल, काय नाही, हे पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

गाड्यांची मर्यादा ही निव्वळ आपल्या सोयीची बाब नाही. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची गर्दी जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या मादीनं एका वेतामागे सरासरी ०.२१ पिल्लं वाढवली, कमी गर्दीच्या भागात २.३२. जवळपास अकरापट फरक. अठरा गाड्यांच्या त्या घोळक्यातली एक माझीही होती, हे हा आकडा वाचल्यावर जास्त टोचलं.

खासगी रानातही एक उपप्रश्न राहतो: फिरायला जमीन किती? काही लॉजची स्वतःची हद्द लहान असते पण शेजाऱ्यांशी करार असतो, काहींचा नसतो. बिबट्या हद्द ओलांडून गेला की गाडी कुंपण नसलेल्या कुंपणापाशी थांबते आणि तो डोळ्यांदेखत शेजाऱ्यांच्या पाहुण्यांकडे चालत जातो. साबी सॅण्डमध्ये हे माझ्यासमोर घडलं आहे. रेंजरनं इंजिन बंद केलं आणि थर्मासमधून कॉफी ओतली. दुसरं काय करणार?

महिना

ढोबळ नियम सोपा आहे. कोरड्या दिवसांत, म्हणजे जून ते ऑक्टोबर, गवत लहान, पाणवठे मोजके, मांजरं शोधायला सोपी. विल्डबीस्टचे कळप जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, त्यामुळे सगळी दुनियाही तिथेच असते, आणि राखीव क्षेत्राचं शुल्कही परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर. जानेवारी ते जून तेच १०० डॉलर. सिंह आणि चित्ते बारा महिने तिथेच राहणारे आहेत, ते विल्डबीस्टबरोबर बाहेरगावी जात नाहीत. म्हणून नदीवरची झुंबड बघायची नसेल तर मी जानेवारी-फेब्रुवारीचा मारा सुचवीन. एप्रिल-मे मोठ्या पावसाचे. काळ्या मातीत गाड्या रुततात आणि काही कॅम्प बंदही असतात.

दक्षिण सेरेंगेटी आणि न्दुतू यांचा मोसम उलटा. फेब्रुवारीच्या आसपास विल्डबीस्टची वासरं जन्मतात आणि चित्त्यांची चंगळ होते. ओकावांगोचं पाणी अंगोलातल्या पावसाचं. महिनोन्महिने वाहत ते जून ते ऑगस्टमध्ये, ऐन कोरड्या दिवसांत, भरून येतं. त्या काळात काही कॅम्प जवळजवळ पाण्यात असतात, तिथे होडी जास्त आणि गाडी कमी. मांजरांसाठी गेलात तर बुकिंगआधी विचारा की तुमच्या महिन्यात गाडीच्या फेऱ्या पूर्ण चालतात ना. साउथ लुआंग्वातले आतले छोटे कॅम्प पावसाळ्यात बंदच असतात.

मुलांच्या शाळांमुळे आपली मे आणि दिवाळीची सुट्टी ठरलेली. मेमध्ये जायचं असेल तर पूर्व आफ्रिकेपेक्षा साबी सॅण्ड बरं. पाऊस संपलेला, झाडी विरळ व्हायला लागलेली, हवा छान. दिवाळीत मारा चालेल, अधूनमधून सरी येतील एवढंच.

गाडी आणि गाडी चालवणारा

ताडोब्याच्या गेटवर आपल्याला जिप्सी आणि गाईड पाळीप्रमाणे मिळतो. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. चांगल्या आफ्रिकी लॉजमध्ये एकच गाईड पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तुमच्याबरोबर असतो. त्यामुळे तो बरा निघाला तर सगळी सहल बरी, नाहीतर चार दिवस नुसती चकरांची मोजणी.

त्याची पात्रता विचारणं अजिबात उद्धटपणाचं नाही. केनियात व्यावसायिक सफारी गाईडांची संघटना परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते. छातीवर बिल्ला असतो. सिल्व्हर म्हणजे चांगला मुरलेला माणूस, गोल्ड फार थोडे. दक्षिण आफ्रिकेत अशा परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नाव फगासा. तिथे गाडीच्या नाकावर, बॉनेटच्या पुढे, एक छोटी खुर्ची असते. त्यावर ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, बसतो, पुष्कळदा स्थानिक शांगान माणूस. रेंजर गाडी चालवतो, बोलतो. ट्रॅकर मातीकडे बघतो. बिबट्यासाठी जायचं असेल तर ट्रॅकर आहे का हे जरूर विचारा. काही लॉज खर्च वाचवायला एकट्या रेंजरवर भागवतात.

नाबोइशोतला आमचा गाईड तरुण मसाई होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वारुळावर बसलेली चित्त्याची मादी सापडली. तिथे आमच्याशिवाय एकच गाडी. गाईडनं सूर्य आमच्या पाठीशी येईल अशी गाडी लावली, मादी आणि थॉमसन गॅझेल हरणं यांच्या मध्ये न येता, आणि इंजिन बंद केलं. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. शेजारची गाडी नाश्त्याला गेली. मी घड्याळ बघितलं तसा तो हलकेच म्हणाला, "पोले पोले." सावकाश. मग त्या मादीनं मोठी जांभई दिली, पाठोपाठ दुसरी. "आता उठेल," तो म्हणाला, "उठायच्या आधी जांभया देतात." उठली. एकूण एक तास चाळीस मिनिटं बसलो होतो, आणि पुढचं सगळं वीस सेकंदांत झालं. शिकार हुकली, पण वारुळावरून उतरून गवतात पोट टेकवत ती जी सरकली, ते बघून झाल्यावर मला हुकल्याचं काही वाटलं नाही. हे बसणं गाईडमुळे मिळालं. घाईतल्या गाईडबरोबर तीच मादी दहा मिनिटांत "बघून झाली" असती.

गाडीबद्दल तीन गोष्टी. एक, एका गाडीत कमाल किती पाहुणे? दक्षिणेतल्या उघड्या लँड रोव्हरमध्ये तीन चढत्या रांगा असतात. रांगेत तिघे बसवले की नऊ जण, आणि मधला माणूस ना डावीकडचा ना उजवीकडचा. चांगले लॉज सहावर थांबतात. दोन, बाजू उघड्या आहेत की खिडक्यांची गाडी आहे? केनिया-टांझानियात छत वर उचलणाऱ्या गाड्याही असतात. त्यातून उभं राहून लांबचं छान दिसतं, पण फोटो नेहमी वरून खाली येतो. तीन, खासगी गाडीचा दर किती? फोटोग्राफी मनावर घेतली असेल, किंवा तुम्ही पाच-सहा जणांचं कुटुंब असाल, तर हा खर्च मी खोलीच्या दर्जातून कापून इथे टाकीन. एखाद्या बिबट्याजवळ दोन तास थांबायचं की पक्षी बघायला जायचं, हे अनोळखी चौघांशी रोज ठरवणं दमवणारं असतं.

लॉजला पाठवायची ई-मेल

वरचं सगळं एका पत्रात मावतं. मी पाठवतो ते प्रश्न असे:

कॅम्प नेमका कुठल्या हद्दीत आहे आणि फेऱ्यांसाठी किती जमीन मिळते? मांजरासाठी रस्ता सोडता येतो का? अंधार पडल्यावर फिरता येतं का, किती वाजेपर्यंत? एका प्राण्याजवळ किती गाड्या? एका गाडीत किती पाहुणे, आणि ट्रॅकर असतो का? सगळे दिवस एकच गाईड मिळेल का? माझ्या तारखांच्या आसपास, मागच्या वर्षी, चित्ता किंवा बिबट्या साधारण किती वेळा दिसला?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. "आमच्याकडे १०० टक्के दिसतोच" असं आलं तर मी सावध होतो. "दोन माद्या या भागात आहेत, एकीला पिल्लं आहेत, पण मार्चमध्ये गवत उंच असतं, चार रात्री असतील तर शक्यता चांगली" असं आलं तर तिथे रान ओळखणारं कुणीतरी बसलेलं आहे. आणि सिंहाच्या पिल्लांना हात लावायला मिळेल, सिंहाबरोबर चालायला मिळेल, असं कुठेही दिसलं तर ते पान तिथेच बंद करा. दक्षिण आफ्रिकेत अशी पिल्लं पिंजऱ्यात पैदा केली जातात, आईपासून लवकर तोडली जातात, आणि मोठी झाल्यावर त्यांतली कित्येक बंदिस्त शिकारीच्या धंद्यात जातात. त्यात आलिशान काही नाही.

रात्री किती, पैसे किती

एका ठिकाणी तीनपेक्षा कमी रात्री घेऊ नका, चार उत्तम. तीन रात्री म्हणजे हिशेबानं सहा फेऱ्या. सात रात्रींत चार पार्क "करणारे" पॅकेज मिळतात. त्यात मांजरांपेक्षा रस्ताच जास्त बघून होतो. शिवाय गाईडला पहिले दोन दिवस तुम्ही कळायला लागतात.

दराचा अंदाज ढोबळच द्यायचा तर मोसमात माराच्या चांगल्या कॉन्झर्व्हन्सी कॅम्पला माणशी रात्रीचे ७०० ते १,२०० डॉलर, साबी सॅण्डच्या नावाजलेल्या लॉजला हजाराच्या पुढे कितीही, ओकावांगोत दीड हजाराच्या पुढे. आकडे बघून छातीत धस्स होतं. पण यात बहुतेक ठिकाणी जेवणखाण, रोजच्या दोन फेऱ्या, बरीचशी पेयं आणि धुलाई आलेली असते. काय आलेलं नाही ते शोधा: राखीव क्षेत्राचं किंवा कॉन्झर्व्हन्सीचं शुल्क, छोट्या विमानाचं भाडं, धावपट्टीपासूनची गाडी, टिप. मारात जुलैमध्ये चार दिवस राखीव क्षेत्रात काढायचे तर नुसतं शुल्क माणशी ८०० डॉलर. दर "दोघांत एक खोली" या हिशेबानं लिहिलेला असतो. एकटे जाणार असाल तर जादा आकार पडतो, काही कॅम्प ठरावीक महिन्यांत तो माफ करतात.

वाचवायचं कुठे? तंबूच्या दर्जात, पोहायच्या खासगी कुंडात, वाइनच्या यादीत. महिन्यात: बोत्स्वानात जानेवारी ते मार्च दर बरेच खाली येतात. जमिनीत आणि गाईडमध्ये वाचवू नका.

इथून निघताना

केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरतात, एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. सरकारमान्य केंद्रातच घ्या, आणि तारखेसाठी महिनाभर आधी हालचाल करा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. लहान मुलांमुळे ती जोखीम नको असेल तर दक्षिण आफ्रिकेत मॅडिक्वेचं मलेरियामुक्त रान आहे: सिंह आणि रानकुत्रे छान, बिबट्या नशिबावर.

नैरोबीहून माराला जाणारी छोटी विमानं विल्सन विमानतळावरून उडतात, तुम्ही उतरता तो विमानतळ वेगळा. सामान माणशी १५ किलो, हातातली बॅग धरून, आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटात जात नाही. बोत्स्वानात साधारण २० किलो. प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगा केनिया आणि टांझानिया दोन्हीकडे बंद आहेत. चिवड्या-लाडवांची बांधाबांध कापडी पिशवीत करा.

चिवड्याची तशी गरज पडत नाही. शाकाहारी आहोत हे बुकिंग करतानाच लिहून कळवा, कांदा-लसूण चालत नसेल तर तेही. केनियात तर स्वयंपाकघराला हे नवीन नाही. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, आणि न्डेंगू म्हणून जे पुढे येतं ते आपल्या मुगाच्या उसळीचं जवळचं नातेवाईक.

आईवडिलांना नेणार असाल तर खोलीच्या फोटोपेक्षा दोन मोजमापं विचारा: तंबूपासून जेवणघरापर्यंत किती चालायचं, आणि गाडीत चढायला शिडी आहे का. उघड्या लँड रोव्हरच्या मागच्या रांगेत चढणं सत्तरीच्या गुडघ्यांना जमत नाही. कुंपण नसलेल्या कॅम्पमध्ये अंधारात एकट्यानं बाहेर पडायचं नसतं. अस्कारी, म्हणजे पहारेकरी, टॉर्च घेऊन न्यायला येतो. मुलांसाठी वयाची अट असते, पुष्कळ ठिकाणी सहा वर्षं, काही ठिकाणी बारा. सौरऊर्जेवरच्या कॅम्पमध्ये हेअर ड्रायर चालत नाही. रात्री श्वासाचं यंत्र लागत असेल तर आधी कळवा. आणि गरम कपडे न्या. जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत आफ्रिका विलक्षण गार असते. सीटवर ब्लँकेटात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते. ती मांडीवर घेतली की तासभर दुसरं काही सुचत नाही.

मित्रानं त्या बाथटबवाल्या लॉजला पत्र पाठवलं. सात प्रश्नांपैकी चारांची उत्तरं आली: हद्द गेटबाहेरची, रात्रीची फेरी नाही, गाडीत सात जण, गाईड "उपलब्धतेनुसार". त्यानं शेवटी नाबोइशोत मोजक्या तंबूंचा कॅम्प घेतला, फेब्रुवारीत, चार रात्री. तिथे अंघोळीला तंबूमागे टांगलेल्या बादलीतून गरम पाणी येतं, तेही आधी वेळ सांगून. आता तो विचारतोय, गाडीत बसायचं कुठे. पहिल्या दिवशी गाईडच्या लगेच मागे बस, म्हटलं. तो हळू आवाजात जे बोलतो ते तिथेच ऐकू येतं, आणि कॅमेरा प्राण्याच्या नजरेच्या पातळीच्या सगळ्यात जवळ असतो. मागच्या रांगेतून लांबचं दिसतं, पण धक्केही सगळे तिथेच बसतात.